आत्याच्या बोटांना पुरे न पडलेले कार्ड

मी एक जुने मेमरी कार्ड आहे, मित्रांनो. आकाराने टपालाच्या तिकिटाएवढे. माझ्या अंगावर दोन आकडे छापलेले आहेत. एक मोठा आणि ठळक. माझ्यात किती मावते ते तो सांगतो. दुसरा एका गोलात, इतका बारीक की वाचण्याआधी चष्मा पुसून घ्यावा लागतो. मी किती वेगाने लिहून घेते, ते तो सांगतो.

ज्या कारखान्यात माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत वावरतात, तिथे माझा जन्म झाला. तपासणीत माझा वेग कमी भरला. त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. फोटो ठेवायला, गाणी साठवायला मी उत्तम होते. तसा बारीक आकडा माझ्यावर प्रामाणिकपणे छापला गेला आणि मी दुकानात आले.

तिथे काचेखाली माझ्या शेजारी दुसरे एक कार्ड होते. त्याच्यात माझ्या निम्मेच मावे, पण वेग कितीतरी अधिक. किंमत दोघांची सारखी. एके दिवशी बस चालवणारे एक बाबा आपल्या मुलीला घेऊन आले. त्यांनी कुणाकडून तरी वापरलेला एचडी कॅमकॉर्डर विकत घेतला होता आणि त्यासाठी त्यांना कार्ड हवे होते.

हा खटाटोप बाबांच्या मोठ्या बहिणीसाठी होता. मुलीची ही आत्या जन्मापासून ऐकू शकत नव्हती. ती हातांनी बोलायची. शाळेत शिकवतात ती खुणांची भाषा तिला मिळालीच नाही. लहानपणी तिने आणि तिच्या आईने घरातच एकेक खूण घडवली होती. आई गेल्यावर ती भाषा भावाला येत होती, भाचीला येत होती, आणखी कुणालाही नाही. भाचीला आत्या गालावर, खळी पडते तिथे बोट टेकवून हाक मारी. म्हणून सगळेच तिला खळी म्हणत.

आता आत्याच्या बोटांचे सांधे धरले होते. ऑपरेशन केले की दुखणे जाईल, पण उजव्या हाताची बोटे पुन्हा वाकणार नाहीत, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. त्याआधी तिचा शब्दन्‌शब्द टिपून ठेवायचा होता.

खळीने दुकानदाराला विचारले, गोलातला हा आकडा कसला. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला चार्जर दाखवत होता. वेगाचा आहे, पण घरच्या कामाला कुठलेही चालते, असे तो मान न वळवता म्हणाला. बाबांनी मला उचलले.

“हेच द्या. जागा जास्त लागणार आहे. आमची ताई एकदा बोलायला लागली की थांबत नाही.”

मित्रांनो, मला वाचा असती तर मी तिथेच म्हटले असते, बाबा, मला राहू द्या, शेजारच्याला न्या.

ऑपरेशनसाठी ज्या संध्याकाळी दाखल व्हायचे होते, त्याच दुपारी चित्रण ठरले. बाबांना त्याआधी रजा मिळाली नव्हती. आत्या खिडकीपाशी बसली. हात उठून दिसावेत म्हणून खळीने तिला गडद स्वेटर घालायला लावला. कॅमेरा सर्वांत चांगल्या दर्जावर लावला होता. एचडी म्हणजे चित्र अगदी बारकाव्यांसह टिपणे. त्या चित्रांचा लोंढा एकसारखा येत राहतो आणि कार्डाला तो आला तसा लिहून घ्यावा लागतो. मी धापा टाकू लागले. कॅमेऱ्याने थोडा वेळ मला सांभाळून घेतले. मग पडद्यावर सूचना आली, कार्डाचा वेग अपुरा आहे, आणि चित्रण थांबले.

पुन्हा सुरू केले. पुन्हा थांबले. दर वेळी आत्या मनगट चोळत पहिल्यापासून सांगू लागे. तिच्या खुणांचा अर्थ खळीने मोठ्याने सांगितला, “आत्या म्हणतेय, त्याचं पोट भरलं असेल, जरा ढेकर देऊ दे.” हसता हसता आत्याच्या डोळ्यांत पाणी आले होते, आणि ते हसण्याचे नव्हते.

बाबांना ते बघवेना. दुकान लांब होते आणि निघायची वेळ जवळ येत होती. त्यांनी चित्राचा दर्जा सर्वांत खाली आणला. चित्रणाचा लाल दिवा लागला तो लागलाच. मला हायसे वाटले, कारण आता मला झेपत होते. सगळे खूश झाले. आत्याने सुईचा शब्द सांगितला, भाजलेल्या बोटाचा, उद्याचा, शेजारणीच्या रागाचा. शेवटी तिने एक शब्द केला, जो बाबांनीही कधी पाहिला नव्हता. आई तिला एकांतात ज्या नावाने हाक मारायची, ते नाव. लाजून तिने तो चटकन केला आणि तोंड झाकून घेतले.

“पुन्हा करायला सांगू?” खळीने विचारले.

“राहू दे, हात दुखताहेत तिचे,” बाबा म्हणाले. “आता आपल्याकडे आहे ते.”

आत्या घरी परतली त्या दिवशी कॅमेरा टीव्हीला जोडला. तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता, खिडकीचे गज स्पष्ट होते. हात स्थिर असले की बोटे मोजता येत. पण त्या खालच्या दर्जात हात हलले की त्यांचे धुके होई.

“बाबा, इथे आत्या बोलतच नाहीये,” खळी म्हणाली.

बाबांनी मागे नेऊन पाहिले, पुढे नेऊन पाहिले. मग त्यांनी रिमोट मांडीवर ठेवून दिला. आत्याने डाव्या हाताने त्यांच्या डोक्यावर टपली मारली. ती रागावली नव्हती. त्याचेच बाबांना जास्त लागले.

त्यांनी ते दुसरे, वेगवान कार्ड आणले. जे शब्द बाबांना आणि खळीला येत होते, ते आता त्यांच्या हातांनी त्या कार्डावर उतरत आहेत. आत्या समोर बसून चुका काढते. तुझे मांजर बैलासारखे दिसते, असे ती भावाला एका हाताने सुनावते. पण ते नाव दोन्ही हातांचे आहे. पट्टी निघाल्यावर तिने ते करून पाहिले. उजवी बोटे सरळच राहिली, आणि तिने हात मांडीवर ठेवून दिला.

मी आता एका डबीत असते. खळी मला अधूनमधून बाहेर काढते आणि त्या नावाचा तेवढाच तुकडा एकेक चित्र थांबवत पाहते. सुरुवातीला हात हनुवटीपाशी आहेत, शेवटी छातीपाशी. मधले दिसत नाही. ती नवी नवी खूण करून आत्याला दाखवते. आत्या डाव्या हाताने तिची बोटे वळवून पाहते, मग हसून मान हलवते. नाही, हे नव्हे.

मित्रांनो, कार्ड निवडताना मोठ्या आकड्यावर भुलू नका. आपण त्याला काय सांभाळायला देणार आहोत ते आधी ठरवा, आपल्या कॅमेऱ्याला किती वेग लागतो ते विचारा आणि गोलातला बारीक आकडा वाचा. एकदा थोडेसे चित्रण करून पारखून घ्या. आणि जे टिपाल ते लगेच मोठ्या पडद्यावर पाहा, समोरच्या माणसाला ‘पुन्हा एकदा’ म्हणता येते आहे तोवर.