मला एकच शब्द येतो

होय, मीच बोलतोय. आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिप बेटावरचा राखाडी पोपट, शेपूट लालभडक. पोपटानं बोलावं यात नवल ते काय? पण मला शब्द एकच येतो, आणि त्यानंच घात केला.

धड पिसंही फुटली नव्हती, तेव्हा जर्वासियोनं मला ढोलीतून काढलं. तो वाटाड्या. परदेशी पाहुण्यांना डोंगरावर, धबधब्यावर फिरवतो. त्याची बायको दोमिंगास त्यांना जेवू घालते आणि माझे पंखही कापते. कात्री लावताना लाडानं म्हणते, "लेव-लेव, राजा, लेव-लेव!" म्हणजे सावकाश, सगळं ठीक आहे. अख्खं बेट दिवसभर हेच म्हणतं. होडी उलटली तरी लेव-लेव! मला मात्र त्याचा अर्थ एवढाच कळला, की कात्री आली, पळ.

एकटेपणानं मी छातीची पिसं उपटू लागलो. मला बघून पाहुणे तोंड वाकडं करायचे.

"जोडी हवी मेल्याला," दोमिंगास म्हणाली.

"मग आणू की! हाच बोलावील," जर्वासियो म्हणाला.

त्यानं माझा पिंजरा रानात टांगला आणि शेजारच्या फांदीला नीरफणसाचा चीक फासला. उन्हं कलताना एक मादी आली. शेंड्यावरून शीळ घालू लागली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या जातीचं कुणी माझ्याशी बोलत होतं! काय सांगू, जीव नुसता हरखला. पण ती एकेक फांदी खाली, त्या चिकाकडे येऊ लागली. हिला हाकलायला हवं! आमच्यात धोक्याची एक किंकाळी असते म्हणे. मला ती शिकवायला होतं कोण? मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "लेव-लेव! लेव-लेव!"

झुडपाआड जर्वासियो पोट धरून हसला. "शाब्बास रे पठ्ठ्या! कशी लाडीगोडी लावतोय!"

दोमिंगासचा लाडिक सूर मी हुबेहूब उचलला होता ना! मादीनं मान तिरकी केली, खाली उतरली आणि चिकटली.

आता आम्ही दोघं ओसरीवर टांगलेले. ती माझ्याकडे पाठ करून बसते. पाहुणे म्हणतात, "किती गोड जोडी!"

बाबांनो, खुशाल या बेटावर, डोंगर चढा, समुद्रात डुंबा. फक्त आम्हाला बोलतं करू नका.

काल दोमिंगास कात्री घेऊन आली. ती काही म्हणायच्या आतच माझी सोबतीण किंचाळली, "लेव-लेव!"

"अगं बाई, बोलली!" म्हणत दोमिंगासनं टाळ्या पिटल्या.