उपाशी पेशी

लोक कुत्री-मांजरं पाळतात, मी प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशी पाळते. प्रयोगशाळेत, पगार घेऊन. नाकं मुरडू नका, भारी नखरे असतात त्यांचे. ऊब जरा कमी-जास्त झाली की रुसतात, खाणं चुकलं की सरळ माना टाकतात.

त्यांची सगळी मस्ती पुरुषी हॉर्मोनच्या जिवावर चालते. हॉर्मोन रक्तातून येऊन पेशीत शिरतं. आत रिसेप्टर नावाचं एक प्रथिन त्याची वाटच बघत बसलेलं असतं. दोघांची गाठ पडली की ही जोडी थेट पेशीच्या केंद्रकात घुसते आणि तिथल्या जनुकांना कामाला लावते: वाढा, एकाच्या दोन व्हा. हॉर्मोन नाही मिळालं तर रिसेप्टर बसून राहतो आणि पेशी मलूल पडतात. आमच्या मॅडमचा प्रयोग साधा होता. कोळशाच्या भुकटीने हॉर्मोन शोषून काढलेलं अन्न पेशींना द्यायचं आणि त्या किती तग धरतात ते बघायचं.

बाबांनाही प्रोस्टेटचाच कॅन्सर होता आणि त्यांच्यावरही तोच उपाय चालू होता, फक्त कोळशाऐवजी इंजेक्शन. ते घेतलं की शरीर हॉर्मोन बनवणं जवळजवळ बंदच करतं. बाबांचा जन्म लोकांचं घरसामान हलवण्यात गेला. पाठीवर फ्रिज घेऊन जिने चढणारा माणूस, पण इंजेक्शनने त्यांचे दंड ओघळले आणि बसल्या जागी घाम फुटायला लागला. "आता कळलं ना, पन्नाशीत मी काय भोगलं ते?" आई म्हणायची. बाबा गुपचूप पंख्याखाली जाऊन बसायचे. आईचं खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं, आणि पलंगावरून खुर्चीत तिला रोज बाबाच उचलून ठेवत. मी पुढे झाले की म्हणायचे, "तू हो बाजूला. पियानो उचललेत मी."

एका सकाळी माझ्या फ्लास्कमधल्या उपाशी पेशी मस्त वाढलेल्या दिसल्या. मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि पहिला प्रश्न मलाच केला, "अन्न चुकीच्या बाटलीतलं नाही ना घातलंस?" माझं डोकंच फिरलं. पण आमच्याकडे रीतच आहे तशी. पेशी हुशार झाल्या असं म्हणण्याआधी त्यांना खायला घालणाऱ्यावर संशय घ्यायचा.

सगळं पुन्हा तपासलं, माझं अन्न चोख निघालं. पेशींनीच शक्कल लढवली होती. हॉर्मोन पकडायचा भागच नसलेला, अर्धवट घडणीचा रिसेप्टर त्या बनवत होत्या, आणि तो कुणाची वाट न बघता कामाला लागत होता. मॅडम हरखल्या, सगळ्यांना केक वाटला. मी माझा तुकडा बशीतच ठेवला. या पेशी शिकल्या, तर बाबांच्या पोटातल्या का नाही शिकणार?

आणि त्याच आठवड्यात बाबांचा पीएसए वाढून आला. रक्तातल्या या आकड्यावरून कॅन्सर झोपलाय की जागा झालाय त्याचा अंदाज येतो. "इंजेक्शन चालू असून वाढलाय," डॉक्टर म्हणाले, "म्हणजे कॅन्सर त्याला दाद देत नसावा." पुढची औषधं जड होती, आणि मोजकीच. माझ्या तोंडातून निघाला तो मॅडमचाच संशय, "आधी त्यांच्या रक्तातलं हॉर्मोन मोजू या ना, डॉक्टर. कुणी बाहेरून खायला घालत नाही ना, ते बघू." ते हसले, म्हणाले की तीच तपासणी लिहितोय.

रिपोर्ट आला. हॉर्मोन ऐन पंचविशीतल्या पोराइतकं. म्हणजे पेशी हुशार झाल्या नव्हत्या, बाबाच बाहेरून काहीतरी घेत होते. आपला बाप लबाड निघाला म्हणून इतका आनंद जगात कुणाला झाला नसेल. दवाखान्याच्या जिन्यात मी एकटीच खुळ्यासारखी हसत होते. घरी पोचेपर्यंत मात्र रागाने लाल झाले.

"काय घेताय, बाबा?"

त्यांनी कपाटातून एक ट्यूब काढून दिली. खांद्याला चोळायचं हॉर्मोनचं मलम, जुन्या सहकाऱ्याच्या पुतण्याने व्यायामशाळेतून आणून दिलेलं.

"खुराक घालताय त्या कॅन्सरला," मी म्हटलं. "एवढी ताकद हवीय कशाला?"

"तुझ्या आईला उचलताना हात लटपटले एकदा," ते म्हणाले. "पडली असती ती. बायकोसुद्धा उचलवत नसेल, तर मी उरलो कशाला?"

आई पलंगावर ऐकत होती. तिने पांघरूण बाजूला सारलं, पाय खाली सोडले आणि भिंत धरून चक्क उभी राहिली. बाबा धावले.

"थांबा तिथेच," ती म्हणाली. "मला केव्हाचं चालता येतंय. तुम्ही बाहेर गेलात की फिजिओथेरपीवाली बाई चालवून घेते."

"मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"दिवसभर पंख्याखाली पडून असायचे गं. मला उचलताना तेवढे ताठ व्हायचे. म्हटलं, उचलू देत."

दोघांनाही एकेक ठेवून द्यावीशी वाटली. एक कॅन्सर पोसतोय, दुसरी धडधाकट पाय गंजवतेय, आणि दोघं एकमेकांसाठी. त्याऐवजी मलाच रडू फुटलं, चांगलं मोठ्याने. बाहेरचं हॉर्मोन बंद झालं की इंजेक्शन पुन्हा लागू पडेल असं डॉक्टर म्हणाले होते, ते मी रडत रडतच सांगितलं.

आई भिंतीच्या आधाराने खुर्चीकडे निघाली. बाबा दोन्ही हात पुढे करून मागे मागे चालले, पण तिने ते हात धरले नाहीत. खुर्चीत बसल्यावर मात्र त्यातला एक ओढून मांडीवर घेतला, आणि सैल पडलेल्या दंडावरून हात फिरवला.

"असाच बारीक राहिला तरी चालेल मला," ती म्हणाली. "पण माझ्याजवळ राहू दे."