'सनराइज'मधली सातवी खुर्ची

माघ लागला होता. वसईच्या जुन्या बाजारपेठेवर संध्याकाळ उतरत होती. केशरवर्णी, मंदगंधी, समुद्रस्पर्शी संध्याकाळ. केळीबागांवरून निघालेला ओलसर वारा चाफ्याचा दरवळ घेऊन गल्लीगल्लीत शिरत होता. बाजाराच्या ऐन मध्यावरची 'सनराइज' परमिट रूमची निळी दारं मात्र तीन महिने बंद होती.

नाव उगवतीचं आणि दार उघडायचं मावळतीला! या गमतीवर गावाने चौतीस वर्षं प्रेम केलं.

दारूबंदीचे दिवस ओसरले, तेव्हा सिमाव तुस्कानोने इथे संगमरवरी टेबलं मांडली. बागायतदार आले, कोळी आले, मास्तर आले. इथे सोयरिकी जुळल्या. निवडणूक हरलेल्याने जिंकलेल्याला इथेच मिठी मारली आणि दोघांनी मिळून रात्रीपुरतं गाव एक केलं.

मागच्या भिंतीत हातभर रुंदीची एक खिडकी होती. तिच्यातून बशी येई, तळलेल्या बोंबलांची, सुवर्णकांती, कुरकुरीत. आणि बशीमागून येई एक हात. मनगटावर तेलाच्या चटक्याची चंद्रकोर असलेला तो हात सिमावच्या बायकोचा, रेजिनाचा. चौतीस वर्षं गिऱ्हाइकांनी तो हातच पाहिला. ती रस्त्यात भेटलीच, तर माणसं संकोचाने मान खाली घालून जात. तिनेही या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही. तशी रीतच नव्हती.

दिवाळीनंतर सिमाव गेला.

"आई, जागा विकून टाकू या," मुलगा लॉरेन्स म्हणाला. "काउंटरवर उभं कोण राहणार?"

रेजिना बोंबील साफ करत होती. "मी," ती म्हणाली. "आज दार उघड. कोणी आलं नाही, तर उद्या खुशाल वीक."

निळी दारं उघडली. अडुसष्ट वर्षांची, शुभ्रकेशा रेजिना काउंटरमागे उभी राहिली. समोरच्या फुटपाथवर माणसं जमली, पण पाऊल कोणी उचलेना. सिमावच्या बायकोसमोर प्यायचं कसं? ती पिकल्या मिशांची माणसं एकमेकांच्या पाठीमागे दडू लागली.

आभाळातलं केशर विरलं, जांभळं झालं. रेजिनाने काउंटर पुन्हा एकदा पुसला. लॉरेन्सने नजर खाली वळवली.

तेवढ्यात एक कृश, वाकलेली आकृती रस्ता ओलांडून आली. उंबऱ्याशी थबकली. घसा खाकरून म्हणाली, "वहिनी... येऊ का आत?"

रेजिनाचा चेहरा उजळला. "अहो, तुम्ही घड्याळजी वर्तक! बोंबलावर मिरपूड जास्त. लिंबू नको."

वर्तक थक्क झाले. "ओळखलंत कसं?"

"खिडकीतून माणसं दिसत नव्हती, भाऊ. ऐकू मात्र सगळी येत होती."

मग फुटपाथवरचा बांध फुटला. एकेक जण दारात येई, दोन शब्द बोले, आणि रेजिना त्या आवाजाचं नाव सांगे, आवड सांगे. "पास्कू! तुला सुरमईचं शेपूट." "देसाई मास्तर, तुमचा कांदा बारीक चिरलेला." प्रत्येक नावावर टाळी, प्रत्येक टाळीवर हशा. हास्यमुखर, गंधभारित, दीपोज्ज्वल झाली ती खोली.

वर्तकांच्या टेबलाभोवती सहा खुर्च्या होत्या. त्यांनी सातवी ओढली, पंच्याने पुसली.

"बसा, वहिनी."

"मी?"

"चौतीस वर्षं आम्हीच बसतोय."

ती बसली. हळूच, काठावर; मग पाठ टेकून, ऐसपैस. लॉरेन्स जवळ आला. त्याचे डोळे भरले होते, तरी त्याने पक्क्या वेटरसारखा खांद्यावर फडका टाकला. "बाई, काय आणू?"

"तुझा बाप घ्यायचा तेच. थंडगार."

बिअर आली. सारी खोली श्वास रोखून पाहत राहिली. रेजिनाने ग्लास उचलला, एक मोठा घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि आणखी एक घेतला. ग्लास खाली आला, तेव्हा तिच्या वरच्या ओठावर शुभ्र फेसाची मिशी उमटली होती. ती न पुसताच रेजिना हसत होती, हसत होती, हसतच होती.