घुबडाकडून शिकलेला पंखा

मित्रांनो, मी एक जुना टेबलफॅन आहे. बडोद्याच्या समा भागात, एका सोसायटीत, मानसिंगरावांच्या पलंगाशेजारी माझा मुक्काम. नवा होतो तेव्हा ‘काय वारा आहे!’ म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. पुढे वारा तेवढाच राहिला, घरघर मात्र वाढली.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मानसिंगरावांना ऐकू येईनासं झालं. कानाला मशीन आलं. पण त्या मेल्या मशीनला सगळ्यांत आधी माझीच घरघर ऐकू जायची. बायकोचं, अहल्याबाईंचं, बोलणं त्या घरघरीत बुडायचं. बडोद्याच्या उन्हाळ्यात मला बंद करणार कोण? मग मानसिंगराव कानातलं मशीनच काढून ठेवायचे. हळूहळू अहल्याबाईंनी बोलणंच सोडलं. “भिंतीशी किती बोलायचं?” असं त्या लेकीला म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

लेक कांचन इंजिनिअर. एकदा पाण्याच्या टाकीखाली पडलेलं घुबडाचं पीस ती घेऊन आली.

“अगं बाई! टाक आधी बाहेर! घरात अवदसा आणतेस?” अहल्याबाई ओरडल्या.

“आई, घुबड उडतं तेव्हा उंदरालाही चाहूल लागत नाही. बघ, पिसाच्या कडेला कंगव्यासारखे दाते आहेत. वाऱ्याचा आवाज ते मोडतात. आणि दिवाळीत लक्ष्मीच्या घुबडाला नमस्कार करतेस तो?”

“ते चित्रातलं!”

कांचनने पीस बाहेर ठेवलं आणि तसेच दाते कापलेल्या पट्ट्या माझ्या पात्यांच्या कडांना चिकटवल्या. संध्याकाळी मला सुरू केलं, तर काय! मागून टकटक, टकटक. आधीपेक्षा वाईट!

“राहू दे, बेटा. भंगारात दे,” मानसिंगराव म्हणाले. कांचनचा चेहरा उतरला. ती पट्ट्या काढायला निघाली. माझा तर धीरच सुटला.

“थांब गं,” अहल्याबाई पुढे आल्या. माझ्या मागच्या जाळीला त्यांनीच गुपचूप लिंबू-मिरची बांधली होती; तीच वाऱ्याने जाळीवर आपटत होती. घुबड शिरलं घरात, दृष्ट नको लागायला! ती सोडताना त्या चांगल्याच ओशाळल्या.

मी पुन्हा फिरलो. वारा तोच, पण घरघर पार उतरलेली. मानसिंगरावांनी कानात मशीन घातलं.

मित्रांनो, पशुपाखरांना अपशकुनी म्हणण्याआधी त्यांच्याकडे जरा नीट बघा. आणि आमच्यासारख्या जुन्यांना भंगारात काढण्याआधी एकदा खोलून पाहा.

त्या संध्याकाळी अहल्याबाई स्वयंपाकघराकडे जाता जाता, सवयीने, स्वतःशीच पुटपुटल्या, “चहा टाकावा का?”

“टाक की,” पलंगावरून आवाज आला, “आणि आलं घाल.”

अहल्याबाई दारातच थांबल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “अहो, किती दिवसांनी उत्तर दिलंत!”