चिंचेनं घासलेल्या कड्या

रखमाजी भोरहून वेल्ह्याकडे जाणारी सर्विस मोटार चालवी. मोटार मालकाची, पण रखमाजीची बायको साळूबाई तिची उस्तवार अशी करी, की बघणाऱ्याला वाटावं दावणीची गायच आहे. खंडेनवमीला रखमाजी फुलं आणायला बाजारात गेला नि इकडे हिनं बॉनेट उघडून बॅटरीच्या, तारा आवळायच्या पितळी कड्या चिंच-मीठ लावून लख्ख घासल्या. वर हळदकुंकू वाहिलं. देवघरातल्या समईनं लाजावं! हौसेला मोल नसतं म्हणतात. कधी कधी अक्कलही नसते.

दिवाळी सरली आणि मार्गासनीहून, साळूबाईच्या माहेरून, सांगावा आला : वडील घटका मोजताहेत, लेकीला बघायचं म्हणतात. साळूबाई धावतपळत मोटारीत येऊन बसली. रखमाजीनं हँडल मारलं. मोटार ढिम्म. पुन्हा मारलं, पण ठिणगीच पडेना. उतारू कुरकुरू लागले. घामाघूम होऊन त्यानं बॉनेट उघडलं, तर कड्यांवर हिरवट बुरा चढलेला आणि खाचेत चिंचेचा वाळका धागा.

साळूबाई खाली उतरली नि तिनं तो धागा ओळखला.

रखमाजीनं एकदा तिच्याकडं पाहिलं, पण तो रागावला नाही. हॉटेलातून खायचा सोडा आणून त्यानं पाण्यात कालवला नि कड्यांवर ओतला. बुरा फसफसून सुटला. आतली तार मात्र खाल्ली गेली होती. तेवढी कापून, नवं टोक खरवडून त्यानं कडीत आवळलं आणि वरून ग्रीस थापलं.

"मिठाचं पानी तारंला खातं. कोरडं पुसून निस्तं ग्रीस लावायचं," एवढंच तो म्हणाला, तेही हळू. मोटार सुटेस्तोवर ऊन डोक्यावर आलं होतं.

मार्गासनीत दाराशी माणसं जमलेली. वडील नुकतेच गेले होते. साळूबाईनं त्यांच्या पायांवर डोकं टेकलं.

"लई वाट बघितली गं तुजी," तिचा भाऊ गेनबा रडत म्हणाला आणि रखमाजीवर उसळला, "मोटारवालं जावई तुमी, आन् वक्ताला लेक आनता येईना?"

"चुकलं माजं. बॅटरी साफ करायची ऱ्हायली," रखमाजी मान खाली घालून म्हणाला.

एरवी साळूबाई चारचौघांत तोंड उघडायची नाही. पण आपल्यापायी नवऱ्यानं ऐकून घ्यावं, हे तिला सोसवेना.

"त्यास्नी बोलू नगंस, दादा. म्या चिंच-मीठ लावलं म्हून मोटार आडली. माज्यामुळं आबास्नी लेक दिसली न्हाई!" आणि तिनं हंबरडा फोडला.

तिची म्हातारी आई बनाबाई सरकत सरकत पुढे आली आणि तिनं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं.

"पितळंला चिंच लावायला म्याच शिकीवलं तुला, बाय," ती म्हणाली. "तू रड."