काकूंचा न संपणारा गोतावळा

मराठी मंडळाच्या वेबसाइटनं दुपारी पुन्हा मान टाकली, आणि सुधाकरकाकांनी निकाल देऊन टाकला.

"मयुरा, ते जाधव कुटुंब काढून टाक. त्यांची माहिती घातली की साइट बसते, काढली की उठते. विषय संपला."

सुधाकरकाका मंडळाचे सचिव. मयुरा अकरावीतली, आणि 'गोतावळा' हे पान तिनं एकटीनं बांधलेलं. दिल्लीतल्या मराठी घरांनी आपापली नाती त्यात भरायची, आणि संध्याकाळी वर्धापनदिनाला द्वारका भागातल्या सभागृहात ती सगळी भिंतीवर झळकायची.

"शेवंताकाकूंना काय सांगू?"

"टेक्निकल प्रॉब्लेम आहे म्हण."

"म्हणजे, काकू, तुमचं खानदान हाच टेक्निकल प्रॉब्लेम आहे, असं?"

"हल्ली फार बोलतेस हं."

बोलायचीच ती हल्ली. मागच्या वर्षीच्या मयुरानं मान खाली घालून बटण दाबलं असतं. ही मयुरा म्हणाली, "संध्याकाळी भिंतीवर पडदा लागेपर्यंत वेळ द्या. नाही जमलं तर मीच काढीन."

शेवंताकाकू जाधव सभागृहाच्या मागच्या खोलीत कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. नवरा धैर्यशील फौजेत सुभेदार, राहायला कॅन्टोन्मेंटमध्ये, गाव साताऱ्याकडचं. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"माझ्याच हातानं बंद पडलं म्हणं समद्यांचं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मी भरणारच नव्हते गं. ह्यांनाच हौस. पोरांना दाखवू म्हणले, आपली माणसं दिल्लीत भिंतीवर. काढून टाक बाई, आमचं काय अडलंय."

अडलं होतं ते आवाजातच कळत होतं. मयुरा लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी फतकल मारून बसली.

"काकू, तुमच्या घरात असं काय आहे जे बाकीच्यांच्यात नाही?"

"दोन म्हशी."

"माणसांचं सांगा ना. सासूबाईंपासून सुरू करा."

"सासू म्हंजी माझी आत्याच की. बापाची सख्खी बहीण."

मयुराची बोटं थांबली. "म्हणजे धैर्यशीलकाकांशी तुमचं लग्न... ते तर तुमचे भाऊ झाले."

"भाऊ कुठला? आत्याचा पोरगा तो. आमच्यात पहिला मान त्याचाच."

"यार," मयुरा पुटपुटली. तिला सगळंच दिसलं.

साइटवरची माहिती पाठवायची तर आधी ती एका लांब ओळीत बांधावी लागते. ते काम एक फुकटची, तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला कोड, करत होती. बदलीच्या वेळी पॅकर्स करतात ना, अगदी तसं. खोका उघडा, आतलं लिहा, आत आणखी खोका निघाला तर तोही उघडा. आता शेवंताकाकूंचं सासर उघडलं की आत सासूबाई. सासूबाईंचं माहेर उघडलं की त्यांचा भाऊ. भावाची मुलगी कोण? शेवंता. तिचं सासर उघडा. बिचारा पॅकर गोल गोल फिरत लिहीतच सुटला, सर्व्हरची मेमरी भरली, आणि एका घरापायी अख्खं मंडळ आडवं.

तिनं लायब्ररीचं पान उघडलं. तिथे चक्क सूचना होती: जुन्या आवृत्तीत किती खोल जायचं याला मर्यादाच नाही, कुणी मुद्दाम तशी माहिती पाठवली तर सर्व्हर बंद पाडू शकेल, दोष आमचा आहे, नवी आवृत्ती घ्या.

दोष आमचा आहे. मयुरानं ते वाक्य परत वाचलं, आणि तिच्या खांद्यांवरून कुणीतरी सिमेंटची गोणी उतरवून घेतल्यासारखं झालं.

"काकू, तुमचा हात नाही, माझाही नाही. माहिती बांधणारा तो प्रोग्रामच वेडा होता."

"मग भरू?"

"थांबा जरा."

नवी आवृत्ती आली. साइट पडली नाही, पण जाधवांच्या जागी लाल अक्षरं उमटली: फार खोल, नाकारलं. म्हणजे बाकीचे वाचले आणि काकू बाहेरच. हे मयुराला मान्य नव्हतं. तिनं प्रत्येक माणसाला एक क्रमांक दिला. तोच माणूस पुन्हा भेटला तर त्याला उघडायचं नाही, नुसता क्रमांक लिहून परत फिरायचं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा जाधव मुकाट्यानं बांधले गेले.

बाहेर पडदा लागला होता. भिंतीवर शेवंताकाकूंच्या नावापासून एक रेघ निघाली, सासरी गेली, आत्याकडून तिच्या माहेरी उतरली आणि वळून पुन्हा काकूंपाशीच आली. सुधाकरकाका बराच वेळ त्या रेघेमागून बोट फिरवत राहिले.

"हे बसणार नाही ना आता?"

"नाही बसत, काका."

"बघ हं." पण सुटका झाल्यासारखे तेही खुर्चीत टेकले.

काकूंनी पदराला हात पुसले आणि मयुराच्या कानाशी वाकल्या. "धाकट्या जावेचं नाव भ्यानं घातलंच नव्हतं बघ. आता घालू का? ती माझी सख्खी बहीण हाय."

मयुरानं एकवार डोळे मिटले, उघडले, आणि लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला. "बिनधास्त घाला."

काकूंनी एका बोटानं नाव टाइप केलं. भिंतीवर दुसरी रेघ निघाली, गोल फिरली आणि जागच्या जागी थांबली. साइट चालूच होती.