चादरीचा साचा

थोरल्या बहिणीचा उजवा हात अर्धांगवायूच्या झटक्यात लुळा पडला आणि कारखान्यातलं चाक थांबलं. कारखाना म्हणजे तरी काय, दोन खोल्या, एक भट्टी आणि दोघी बहिणी. चिनीमातीचे वाडगे घडवायची थोरली. भाजणं, रंगवणं आणि बोलणी खाणं धाकटीकडे. चाकावर धाकटीला साधी वाटी तीस वर्षांत जमली नव्हती, आता काय कपाळ जमणार!

थोरली घरी भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. ते धाकटीला बघवेना. "तुझा वाडगा मी साच्यातून काढते. तू नुसती बस आणि चुका काढ," असं म्हणून ती तिला रोज हाताला धरून आणू लागली. चुका काढायला थोरली एका पायावर तयार असायची.

पहिला साचा धाकटीनं थोरलीच्याच भाजलेल्या वाडग्यावर प्लॅस्टर ओतून घेतला. माती वाळताना आणि भाजताना आटते, हे जन्मभर पाठ असलेली बाई नेमकं तेच विसरली. भट्टीतून एवढंसं पिल्लू बाहेर आलं.

"बाहुलीला जेवायला घाल यात," थोरली म्हणाली.

मग फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये वाळू भरून त्यावरून साचा घेऊन झाला, तर वाडग्याला बूडच येईना. कोबीच्या पानांवरूनही घेऊन झाला. शिरा सुरेख उमटल्या, पण थोरलीनं मान हलवली. चार महिने असेच गेले. प्लॅस्टरनं धाकटीच्या बोटांची सालं निघाली, कंबर धरली. खड्ड्यात गेले ते वाडगे, असं तिला रोज सकाळी वाटायचं आणि रोज सकाळी ती प्लॅस्टर कालवायला बसायची.

शेवटी तिनं जुनी चादर पातळ प्लॅस्टरमध्ये बुडवली, लोखंडी कड्यावर बांधून टांगली आणि वर ओली वाळू ओतली. वजनानं चादरीला झोळ आला आणि ती तशीच घट्ट झाली. वाळू उपसून त्यात थापलेली माती भाजून निघाली, तेव्हा थोरलीनं वाडगा डाव्या हातानं फिरवला, काठावरून बोट नेलं, पुन्हा फिरवला. तोच खोलगटपणा, तोच एका अंगाला कल.

"झालं की गं," ती हळूच म्हणाली. "आता माझं काय काम इथं?"

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. इकडे वाडगे धडाधड निघत होते आणि धाकटीला एकाचाही आनंद होत नव्हता. आपणच हिला घरी बसवलं, या विचारानं तिला घास जाईना.

चौथ्या दिवशी तिनं साच्यातून ओला वाडगा काढला, त्याच्या काठात अंगठा दाबला आणि तो फळीवर ठेवून थोरलीच्या घरी नेला.

"बघ ना ताई, काठ बिघडतोय. मला मेलीला कळतच नाही का ते."

थोरलीनं अंगठ्याची खूण पाहिली. मग बहिणीचं उतरलेलं तोंड पाहिलं.

"साच्याला अंगठे कधी फुटले गं?"

धाकटीनं मातीनं भरलेला अंगठा पदरात लपवला.

थोरली भिंतीला धरून उठली. "आण ती चप्पल इकडे. तुला एकटीला सोडलं की हे असं होतं."